चेनसेटवर घेतलेलं मतदान

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सौ. हौसाबाई, वय बावन्न, शिक्षण चौथी पास, हिच्यावर सोमवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, पाटणच्या अलीकडच्या पुलाच्या तोंडाशी, भर उन्हात, पोटच्या मुलीच्या देखत हा अन्याय झाला. (वेळ घड्याळात बघून तिथल्या तिथं लिहून घेतली आहे. पत्रकं काढणाऱ्याला ही सवय असते. तपशील पक्का असला की आरोपी पळून जात नाही.) आरोपी कोण, हे शोधायला मला त्या दिवशी पाच किलोमीटर चालावं लागलं. आणि सापडल्यावरही मी दोनदा खात्री करून घेतली, कारण नाव ओळखीचं निघालं!

आमची वाडी पाटणच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. एस्टी खाली फाट्यावर थांबते. तिथून वर दोन किलोमीटर चढ, तो पायी. बाळंतीण असो, गॅसची टाकी असो, सगळं त्याच वाटेनं. लग्न होऊन आल्यापासून आईच्या मनात एकच गोष्ट आहे: एस्टी वर वाडीत आली पाहिजे. तिनं देवाला सांगून बघितलं, आमदाराला सांगून बघितलं. शेवटी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली, आणि गावातल्या बाप्यांनी पारावर बसून ठरवलं की सर्जेरावांच्या बायकोला बिनविरोध निवडून द्यायचं. बायकांची जागा, आणि ठरवायला एकही बाई नाही! आई त्या दिवशी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "म्या फारम भरणार."

मला आनंदानं रडू आलं. मी सांगलीला, माधवनगरात असते. तिथं आम्हा आठ-दहा पोरापोरींची संघटना आहे. फुटपाथ, बायकांची मुतारी, कॉलेजच्या पोरींचे बसपास, असल्या प्रश्नांवर आम्ही पत्रकं काढतो आणि कुठलाही निर्णय बैठक घेतल्याशिवाय करत नाही. चहात आलं घालायचं का, यावरही आमच्यात एकदा मतदान झालेलं आहे. (आलं हरलं.) अशा घडणीच्या मुलीची आई पुरुषी सत्तेला आव्हान देणार! फॉर्म ऑनलाइन भरून झाला. आता त्याची छापील प्रत घेऊन आईनं स्वतः तहसील कचेरीत जायचं, सोमवारी दुपारी तीनच्या आत. तीन वाजून एक मिनिटानं गेलात तर पुढची पाच वर्षं चढ चढा.

आणि नेमकी तेव्हाच मोटारसायकलची चेन करकरायला लागली.

ही मोटारसायकल घरात एकच. आठवड्याचे चार दिवस ती माझ्याबरोबर सांगलीत आणि तीन दिवस वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, वाडीत. चेन झिजली की दोन्ही दातेरी चाकंही बदलावी लागतात, ज्यांना स्प्रॉकेट म्हणतात ती; सगळं मिळून चेनसेट. पुढचं लहान, इंजिनापाशी. मागचं मोठं, मागच्या चाकाला. आमच्या गाडीला पुढे चौदा दात, मागे बेचाळीस. ही माहिती मी गाडीखाली आडवी पडून स्वतः मोजून काढली, आणि इथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. हे आकडे ठरवले कुणी? कंपनीनं! आम्हाला विचारलं होतं का?

मी रविवारी, अर्ज भरायच्या आठ दिवस आधी, घरात बैठक बोलावली.

उपस्थिती: अण्णा, आई, मी. अण्णा फौजेतून निवृत्त झालेले आहेत. कुठल्याही यंत्राबद्दल ते हुकूम दिल्यासारखं बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की यांनी रणगाडे चालवले असतील. खरं म्हणजे ते सतरा वर्षं लंगरात स्वयंपाकी होते.

"मागं पंचेचाळीस दात पायजेत," अण्णांनी तोफ डागली. "मागं दात वाढलं की गाडी वढती. दोन कॅन दुधाचं, वर वैरणीचा भारा, आन् चढ बघितलाय का आपला? बेचाळीसवर बैलावानी धापा टाकती."

"आणि सांगलीचा सपाट रस्ता?" मी म्हणाले. "तिथं चढ औषधाला नाही. पुढं पंधरा दात पाहिजेत. पुढचा दात वाढला की गाडी पळते, पेट्रोल कमी खाते."

"पळून कुठं जायाचंय तुला?"

"अण्णा, मुद्द्यावर बोला!"

"मुद्दा त्योच हाय!"

आई लसूण सोलत होती. मी तिच्याकडं वळले. "आई, तुझं मत?"

"जी हाय तीच काय वाईट हाय?" आई म्हणाली. "धा वरसं चालली. चौदा-बेचाळीसच आणा की."

मी तिच्याकडं कौतुकानं आणि थोड्या दयेनं बघितलं. बदलाची वेळ आली की शोषितालाच बदलाची भीती वाटते, यावर मी स्वतः दीड पानी पत्रक लिहिलेलं आहे. इतिवृत्तात मी तिच्या नावापुढं लिहिलं: "तटस्थ."

मग मी मधला मार्ग काढला, आणि तो काढताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ठराव मी लाल शाईनं लिहिला. पुढचे पंधरा दात माझे, मागचे पंचेचाळीस अण्णांचे! कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. सांगलीला पळ, वाडीला ओढ! अण्णांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर. (एक तटस्थ.)

शनिवारी हा ठराव घेऊन मी माधवनगरात बंडूमिस्त्रींच्या गॅरेजात गेले. बंडूमिस्त्री तीस वर्षं चेनी बदलत आहेत. बोलतात कमी, बघतात जास्त. त्यांनी कागद वाचला, परत वाचला, मग पालथा करून मागं काही लिहिलंय का तेही बघितलं.

"ताई, मागचं दात वाढवलं की वढ वाढती, पळ कमी होती," ते सावकाश म्हणाले. "पुढचा वाढवला की पळ वाढती, वढ कमी होती. आता दोन्ही वाढवलं तर..."

"दोन्ही वाढतं!"

 तोंड पुसायचं फडकं मिस्त्रींनी एकदा डोळ्यांवरूनही फिरवलं. "न्हाई, मी काय म्हणत व्हतो, भागाकार केला तर..."

"मिस्त्री, तुम्ही फिटिंगचं बघा. धोरण आमचं ठरलंय."

असं मी म्हणाले! तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला, त्याच्याच स्टुलावर बसून, त्यानंच मागवलेला चहा पीत! त्या वेळी मला ते तज्ज्ञांच्या मक्तेदारीला दिलेलं उत्तर वाटलं होतं.

मिस्त्रींनी दोन्ही चाकं फळीवरून काढून दिली. "पर ह्याला चेन दोन कड्या लांब लागंल. ती बुधवारी येईल. बुधवारी या, बसवून देतो."

बुधवारी! सोमवारी तीनला आईचं भविष्य बंद होणार, आणि हे बुधवार सांगतात! मी नेहमीच्या मापाची नवी चेन घेतली, सगळं पिशवीत भरलं आणि म्हणाले, "घरी अण्णा बसवतील."

"एक ऐका," मिस्त्री मागून ओरडले, "चेन कमी पडली म्हणून जुन्या कड्या त्यात जोडू नका! जुनी ताणल्याली असती, नवीसंगट जमत न्हाई तिचं!"

मी हात हलवला. रस्त्याला रहदारी होती, त्यामुळे मला फक्त सूर ऐकू आला, असं मी पुढं कित्येक दिवस सांगत होते. खोटं आहे. शब्द न् शब्द ऐकला होता.

रविवारी अंगणात अण्णांनी चाकं चढवली. चेन फिरवली. चेन कमी पडली. मागचं चाक पुढं ओढलं, आणखी ओढलं, पार शेवटाला नेलं, तरी चेनीची दोन टोकं दोन बोटांच्या अंतरावरून एकमेकांकडं बघत राहिली. अण्णांनी हातोडी मारून बघितली, शिवी देऊन बघितली, तेल ओतून बघितलं. रविवार असा गेला. सोमवारी सकाळी पुन्हा तेच.

दहा वाजता आई इस्त्रीचं लुगडं नेसून, फॉर्म पिशवीत घालून दारात उभी राहिली. "म्या म्हणते, खाली चालत जाती आन् अकराची एस्टी धरती."

"आई! उमेदवार पायी? आणि एस्टी चुकली तर? तू बस, अर्ध्या तासात गाडी तयार."

"तुमचा अर्धा तास कालपास्नं चाललाय."

"एस्टीच्या भरवशावर परिवर्तन होत नाही, आई!"

आई बसली. एस्टीसाठी लढायला निघालेल्या बाईला मी एस्टीनं जाऊ दिलं नाही! हे वाक्य लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

साडेबाराला अण्णांना उपाय सापडला. "जुन्या चेनीतल्या दोन कड्या काढून घालू की ह्यात! कालच्या वरणात आजची डाळ घातली तर काय बिघडतंय व्हय? लंगरात सातशे मानसं जेवायची."

मला मिस्त्रींचे शब्द आठवले. पण त्याच क्षणी मला एक घोषणाही सुचली, आणि घोषणा सुचली की माझा बाकीचा मेंदू बंद होतो. "जुन्या-नव्याची एकजूट!" मी म्हणाले. "ठोका, अण्णा!"

अण्णांनी ठोकलं.

दीड वाजता निघालो. सपाटीला गाडी चालली. कुठं कुठं कट् कट् असा आवाज येत होता. "नवीन आहे, मुरेल," मी मागं वळून सांगितलं. लोणच्याबद्दल बोलावं तसं मी चेनीबद्दल बोलत होते. मग उतार लागला. पहिल्याच वळणावर मागं खळ्ळकन् आवाज झाला.

"रूपे," आई म्हणाली, "मागं कायतरी पडलं गं."

"पडू दे, आई. चांगल्या कामात पडझड होतेच."

"लोखंडाचं वाटलं."

"तू पुढं बघ!"

आणि त्यानंतर काय सांगू! गाडी अशी चालायला लागली की मी आयुष्यात तसलं काही अनुभवलं नव्हतं. धक्का नाही, कटकट नाही. लोण्यातून सुरी जावी तशी ती उतारावरून निघाली. वारा कानात शिरत होता, इंजिन तर हलकेच गुणगुणत होतं. माझा ऊर भरून आला.

"बघितलंस का, आई? आवाज तरी येतोय का? काल-परवा करकर करत होती हीच गाडी! हे आहे सर्वसंमतीचं सामर्थ्य! तू तटस्थ राहिलीस ना, आता बघ!"

 आईनं माझा खांदा फक्त जरा घट्ट धरला. मी ते समर्थन समजले.

चार वळणं मी लोकशाहीवर बोलत होते. पाचव्या वळणानंतर उतार संपला, फाटा मागं गेला, समोर पूल आला, आणि गाडी मंदावली. मी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन बोंबललं. गाडी आणखी मंदावली. मी आणखी पिळला. इंजिन आणखी बोंबललं आणि गाडी पुलाच्या तोंडाशी अगदी सभ्यपणे थांबली. मी खाली उतरून बघितलं. पुढे पंधरा दात. मागे पंचेचाळीस दात. मध्ये काही नाही!

मी हादरले. म्हणजे चार वळणं आम्हाला फक्त डोंगरानं आणलं होतं? आणि त्याचं श्रेय मी सर्वसंमतीला दिलं होतं?

एक चाळीस. कचेरी पाच किलोमीटर पुढं, चेन डोंगरावर कुठंतरी मागं. आई पुलाच्या कठड्यावर बसली. पदरानं घाम पुसला आणि दातेरी चाकांकडं बघत बोटं मोजायला लागली.

"चौदा त्रिक?" तिनं विचारलं.

"काय?"

"चौदा त्रिक किती गं?"

"बेचाळीस. आई, आत्ता पाढे कशाला?"

"आन् पंधरा त्रिक?"

"पंचेचा..."

मीही बोटं मोजली. चौदाला बेचाळीस म्हणजे तिप्पट. पंधराला पंचेचाळीस म्हणजे तिप्पट. गाडी ना जास्त ओढणार होती, ना जास्त पळणार होती. ती होती तशीच राहणार होती! अण्णांचे तीन दात मी माझ्या एका दातानं खाल्ले होते आणि माझा दात त्यांच्या तीन दातांनी. आठ दिवस, एक बैठक, एक ठराव, सांगलीची खेप, हातोडी, शिव्या, आणि निकाल काय, तर आई लसूण सोलता सोलता म्हणाली होती तोच! फरक इतकाच की तिच्या ठरावात चेन पुरली असती.

"तुला आधी माहीत होतं?" मी ओरडले.

"चौथीपतोर पाढंच शिकवत्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तू कायतरी लिवलंस म्होरं."

मी लिहिलं होतं, तटस्थ! बायकांचा आवाज दाबला जातो म्हणून मी तीन जिल्ह्यांत पत्रकं वाटते. आणि माझ्या घरातल्या बैठकीत एकच शहाणं मत पडलं, ते मी माझ्या हस्ताक्षरात पुसून टाकलं!

तेवढ्यात मागून जीप आली. थांबली. आत सर्जेराव. बिनविरोधवाले सर्जेराव! मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी, शालनकाकू, मांडीवर फॉर्मची प्लॅस्टिकची फाईल धरून अंग चोरून बसलेल्या.

"वहिनी! उन्हाचं का बसलाय?"

माझी मूठ वळली. काय बोलायचं ते तयार होतं. पहिला शब्द "सरंजामी" होता. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"पाटणला निघालो व्हतो, भावजी," ती म्हणाली. "पोरीनं गाडी सुधारली. मग बंद पडली."

"आमी बी तहसीलला चाललोय. सोडू का?"

"सोडा की. मलाबी तिथंच एक कागद द्यायाचाय."

"आई!" मी कुजबुजले. "विरोधकाच्या जीपमध्ये? आपली भूमिका काय राहील?"

"तुझ्या गाडीत बसून हितवर आले," आई पिशवी सावरत म्हणाली, "आता त्येंच्या गाडीत बसून तितवर जाते." आणि चढली. सर्जेरावांनी स्वतः खाली उतरून तिला दार लावलं! जीप गेली. धूळ बसली. मी आणि चेन नसलेली गाडी, दोघी उरलो.

ढकलायला लागले. ढकलता ढकलता मनात पत्रक लिहायला घेतलं, कारण मला दुसरं काही येत नाही. पहिल्या किलोमीटरला आरोपी होते बंडूमिस्त्री. पण त्यांनी तर भागाकार सांगायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्याला चेन कंपनी. पण त्यांच्या कड्या धडधाकट होत्या, तुटली ती आमची ठोकलेली. तिसऱ्याला रस्ते खातं, उतार ठेवल्याबद्दल. चौथ्याला अण्णा, तिथं जरा बरं वाटलं, पण "ठोका" कुणी म्हटलं होतं? पाचव्या किलोमीटरला त्या रस्त्यावर माझ्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी, हात कोपरापर्यंत काळे, ओढणी ग्रीसमध्ये भिजलेली, अशी मी कचेरीच्या फाटकात शिरले. आई पायरीवर बसली होती. शेजारी शालनकाकू. दोघी बशीतून चहा पीत होत्या आणि शालनकाकू हसत होत्या. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं.

"आई! फॉर्म?"

"दिला. अडीचलाच. पावती बी घेतली."

"आणि सर्जेराव?"

आईनं हनुवटीनं झाडाकडं खूण केली. सर्जेराव झाडाखाली उभे राहून कुणालातरी फोनवर सांगत होते, "आरं, मीच आणलं की रं तिला! माझ्याच जीपमधनं! मला काय ठावं कसला कागद हाय? न्हाई, न्हाई, पिशवी बी मीच धरली व्हती!"

झाली निवडणूक. सर्जेरावांनी विरोधी उमेदवाराला जीपमधून नेऊन अर्ज भरायला लावला, ही बातमी आमचा प्रचार व्हायच्या आत खोऱ्यातल्या सगळ्या पाणवठ्यांवर पोचली होती. आई निवडून आली. शालनकाकूंनी मत कुणाला दिलं हे विचारायचं नसतं. पण मोजणीच्या दिवशी आईच्या तोंडात पहिला पेढा त्यांनीच घातला.

प्रचारात मीही मोठी कामगिरी बजावली. मी चार पानी पत्रक लिहून नेलं होतं. आईनं ते चुलीपुढं बसून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "रूपे, निवडणूक हुईपतोर तू सांगलीलाच ऱ्हा." इतकंच. त्या आदेशाचं मी तंतोतंत पालन केलं. आमच्या विजयाचं ते एक प्रमुख कारण होतं, असं अण्णांचं मत आहे, आणि त्यावर घरात मतदान घ्यायला मी नकार दिला.

गाडी मी बंडूमिस्त्रींकडं नेली.  ते नुसते उभे राहून दोन चाकांमधल्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मीच म्हणाले, "चौदा-बेचाळीस, मिस्त्री. आणि फिटिंग तुम्हीच करा."

"आन् धोरण?"

"तेही."

वाचकहो, आता सही नको, पाठिंबा नको, निषेधाचा ठराव तर मुळीच नको. मागणी एकच. तुमच्या घरात या क्षणी कुणी गाडीच्या दातांवर बैठक बोलावली असेल, तर ती आत्ताच्या आत्ता उधळून लावा आणि कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या बाईला विचारा, "तुझं काय म्हणणं?" आणि बैठक बोलावणारी हात वर करून "आधी माझी भूमिका ऐकून घ्या" म्हणाली, तर ऐकू नका. मी तिला चांगली ओळखते. चार वळणं थांबत नाही ती!